तात्सुया नाकादाई

तात्सुया नाकादाई (१३ डिसेंबर १९३२ – ८ नोव्हेंबर २०२५) हे जपानी रंगभूमी व चित्रपटांतील अभिनेते होते. त्यांचे मूळ नाव मोतोहिसा. अकिरा कुरोसावा व मासाकी कोबायाशी यांच्या चित्रपटांमुळे त्यांना जागतिक कीर्ती लाभली. तथापि नाटकाशी असलेला संबंध त्यांनी सुमारे सात दशकांत कधीही तोडला नाही.

प्रारंभिक जीवन

नाकादाई यांचा जन्म टोकियो येथे झाला. वडिलांचे निधन लवकर झाल्याने बालपण हलाखीत गेले. महायुद्धातील हवाई हल्ल्यात एका लहान मुलीचा हात धरून धावत असताना बाँब पडला आणि आपल्या हातात केवळ तिचा हात उरला, ही आठवण त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितली आहे. युद्धाविषयीची त्यांची घृणा अशी प्रत्यक्ष अनुभवातून आलेली होती.

१९५२ मध्ये त्यांनी 'हायुझा' या नाट्यसंस्थेच्या अभिनयशाळेत प्रवेश घेतला. ही संस्था पाश्चात्त्य धर्तीच्या आधुनिक नाटकांसाठी प्रसिद्ध होती. शिकत असतानाच कुरोसावा यांच्या 'सात सामुराई' (१९५४) मध्ये रस्त्याने चालत जाणाऱ्या एका सामुराईची काही क्षणांची भूमिका त्यांना मिळाली. कमरेला तलवार लावून चालण्याची सवय नसल्यामुळे त्यांची चाल दिग्दर्शकास पसंत पडेना, आणि तेवढ्या चालण्यासाठी जवळजवळ अर्धा दिवस गेला. हा अपमान त्यांच्या मनात इतका खोल रुतला, की पुढे 'योजिंबो'साठी बोलावणे आले तेव्हा त्यांनी प्रथम नकारच दिला होता.

स्टुडिओंशी करार न करण्याचा निर्णय

नाकादाई यांच्या कारकिर्दीचे स्वरूप ठरले ते एका नकारामुळे. जपानमधील पाच मोठ्या चित्रपट कंपन्यांनी १९५३ मध्ये आपापसांत करार केला होता. त्यानुसार एका कंपनीशी बांधलेल्या नटास दुसऱ्या कंपनीच्या चित्रपटात काम करणे दुरापास्त होई. अशा करारामुळे नियमित वेतन व प्रसिद्धी यांची हमी मिळे. परंतु नाटकासाठी वेळ उरला नसता. नाकादाई यांनी कोणत्याही कंपनीशी असा करार केला नाही. वर्षाचा काही काळ नाटकाला आणि उरलेला चित्रपटाला, अशी विभागणी त्यांनी पाळली. परिणामी मिकिओ नारुसे, कोन इचिकावा, हिरोशी तेशिगाहारा, किहाची ओकामोतो अशा अगदी भिन्न प्रकृतीच्या दिग्दर्शकांबरोबर त्यांना काम करता आले. त्या काळी अशी मोकळीक फार थोड्या नटांना होती.

कोबायाशी व कुरोसावा

कोबायाशी यांनी त्यांना 'कुरोई कावा' (१९५७) मध्ये गुंडाची भूमिका दिली आणि लगेच 'निंगेन नो जोकेन' (१९५९–६१) या सुमारे साडेनऊ तासांच्या त्रिभागी चित्रपटाचा नायक केले. सैन्यभरती टाळण्यासाठी मांचुरियातील मजुरांवर देखरेख करण्याचे काम पत्करणारा काजी हा सज्जन तरुण अखेर त्याच युद्धयंत्रणेत चिरडला जातो. स्वतः मांचुरियात सैनिक राहिलेल्या दिग्दर्शकाचे ते आत्मपरीक्षणच होते. 'सेप्पुकु' (१९६२) मध्ये तिशीही न गाठलेल्या नाकादाई यांनी नातवंड असलेला सामुराई रंगविला. चित्रपटाचा मोठा भाग हा पात्र एका जागी बसून आपली कहाणी सांगतो. तेथे खर्जातील कमावलेला आवाज हेच नटाचे मुख्य साधन ठरते. रंगभूमीवरील शिक्षणाचा उपयोग इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

कुरोसावा यांच्या 'योजिंबो' (१९६१) मधील पिस्तूलधारी उनोसुके आणि 'सांजुरो' (१९६२) मधील हानबेई या दोन्ही भूमिकांत ते तोशिरो मिफुने यांचे प्रतिस्पर्धी होते. 'स्वर्ग आणि नरक' (१९६३) मध्ये मात्र ते शांत, काटेकोर पोलीस अधिकारी झाले.

'कागेमुशा' (१९८०) ची मुख्य भूमिका मुळात शिंतारो कात्सु करणार होते. चित्रीकरणाच्या आरंभीच ते बाहेर पडल्याने ती नाकादाई यांच्याकडे आली. सरदार आणि त्याचा तोतया अशा दुहेरी भूमिकेच्या या चित्रपटास कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'वर आधारलेल्या 'रान' (१९८५) मध्ये त्यांनी वृद्ध हिदेतोराची भूमिका केली. फुजी पर्वताच्या उतारावर उभारलेला किल्ला खरोखर जाळण्यात आला. पुन्हा चित्रीकरण शक्य नव्हते, आणि पेटत्या किल्ल्याच्या पायऱ्या भ्रमिष्ट अवस्थेत उतरण्याचे ते दृश्य त्यांनी एकाच प्रयत्नात पूर्ण केले.

मुमेइजुकु

१९७५ मध्ये नाकादाई व त्यांच्या पत्नी, अभिनेत्री यासुको मियाझाकी, यांनी 'मुमेइजुकु' (निनावी लोकांची शाळा) सुरू केली. येथे निवड कठोर. शिक्षण मात्र विनाशुल्क असे. रयू तोमोए या नावाने लेखन-दिग्दर्शन करणाऱ्या मियाझाकी १९९६ मध्ये निवर्तल्या, त्यानंतरही शाळा चालू राहिली. तिचे सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी कोजी याकुशो हे पूर्वी टोकियोतील एका प्रभाग कार्यालयात नोकरीस होते. 'याकुशो' म्हणजे सरकारी कचेरी. हे रंगनाव त्यांना नाकादाई यांनीच दिले. २०२३ मध्ये याकुशो यांना कान येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

नोतो द्वीपकल्पातील नानाओ येथील 'नोतो एंगेकिदो' हे नाट्यगृह मुमेइजुकुशी घनिष्ठ संबंधित आहे. त्याच्या रंगमंचाची मागची भिंत उघडते आणि प्रेक्षकांना बाहेरची झाडी दिसते. २०१५ मध्ये नाकादाई यांना जपानचा 'संस्कृती सन्मान' प्राप्त झाला. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाने नोतोची मोठी हानी झाली. पुढील वर्षी ब्याण्णव वर्षांच्या नाकादाई यांनी याच नाट्यगृहात ब्रेख्तच्या 'मदर करेज' या युद्धविरोधी नाटकात काम केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.