फेअरपोर्ट कन्व्हेन्शन : अपघात आणि वळण

ब्रिटनमधील लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास वाचताना फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडचे नाव तुम्हाला हमखास भेटेल. १९६७ साली तो उत्तर लंडनमधील मसवेल हिल येथे सुरू झाला. गिटारवादक सायमन निकोलच्या घराचे नाव 'फेअरपोर्ट'. ही तरुण मुले तिथे सराव करीत, म्हणून बँडलाही तेच नाव मिळाले. सुरुवातीला ते बॉब डिलन, जोनी मिचेल अशांची गाणी गात. लोकसंगीताशी संबंध बेताचाच होता. १९६८ मध्ये गायिका सँडी डेनी आली आणि तिच्याबरोबर लोकसंगीत क्लबांतील जुनी गाणी आली.

१२ मे १९६९ च्या पहाटे बर्मिंगहॅमहून परतताना त्यांची व्हॅन एम-१ महामार्गावर उलटली. ड्रमवादक मार्टिन लँबल आणि रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन यांचा मृत्यू झाला. लँबल अवघा १९ वर्षांचा होता. बँड चालू ठेवायचा की नाही, हाच प्रश्न उभा राहिला. चालू ठेवायचा, पण लँबलबरोबर वाजवलेली गाणी पुन्हा वाजवायची नाहीत, असे ठरले. मग हॅम्पशायरमधील एका घरात नवा ड्रमवादक डेव्ह मॅटॅक्स आणि व्हायोलिनवादक डेव्ह स्वॉरब्रिक यांच्यासह सराव झाला. अ‍ॅशली हचिंग्ज सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात जुनी गाणी शोधत होता. डिसेंबर १९६९ मध्ये 'लीज अँड लीफ' ही ध्वनिमुद्रिका आली. 'मॅटी ग्रोव्ह्ज', 'टॅम लिन' ही शतकांपूर्वीची कथागीते तीत इलेक्ट्रिक गिटारवर वाजली.

अपघात झाला म्हणून ते लोकसंगीताकडे वळले, असे सोपे उत्तर द्यायचा मोह इथे होतो. जरा थांबा. 'अ सेलर्स लाइफ' या पारंपरिक गाण्याचे अकरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण अपघाताच्या आधीचे आहे. त्यात पाहुणा म्हणून स्वॉरब्रिक आहे आणि ड्रमवर खुद्द लँबल. वाट आधीच सापडली होती. अपघाताने मागे फिरण्याची वाट बंद केली. मी अभियांत्रिकी शिकवतो. प्रयोगशाळेत एक घटक बदलून प्रयोग पुन्हा करता येतो. इतिहासात ती सोय नाही, म्हणून तारखांचा क्रम नीट लावावा लागतो.

यशाबरोबर फूटही आली. हचिंग्जला अधिक परंपरा हवी होती, त्याने 'स्टीलाय स्पॅन' काढला. डेनीला स्वतःची गाणी गायची होती, तिने 'फोदरिंगे' काढला. ती १९७८ मध्ये वारली. १९७९ मध्ये ऑक्सफर्डशायरमधील क्रॉप्रेडी गावी बँडने निरोपाचा कार्यक्रम केला. तो निरोप काही टिकला नाही. पुढे त्याच गावात त्यांचा वार्षिक महोत्सव भरू लागला.