दारापुढचा रस्ता कुणाचा?

आपल्या वार्षिक सभेत एक प्रश्न हमखास निघतो. गेटसमोरची फरशी उखडली, गटार तुंबलं, आता खर्च कुणाचा? निवृत्त सभासदांना धास्ती वेगळीच: "नगरपालिकेची नोटीस आली तर पेन्शनीतून किती जाणार?"

आपल्या जुन्नरला हा प्रश्न नवा नाही. नाणेघाट हा सातवाहनकाळचा व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे वाट वापरील त्याने पैसे मोजायचे. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दान दिलं. पाण्याच्या टाक्याही अशाच दानातल्या. बुरूड आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा शिलालेखही इथे आहे. नुसतं बांधून भागत नाही, पुढची तरतूद लागते, हे त्या लोकांना ठाऊक होतं.

आजचा हिशेब 1965 च्या नगरपरिषद कायद्यात आहे. सार्वजनिक रस्ता नगरपरिषदेने सांभाळायचा. खासगी रस्ता नादुरुस्त असेल तर ती लगतच्या मालकांना नोटीस देऊ शकते. त्यांनी काम केलं नाही तर स्वतः करून खर्च वसूल करू शकते. म्हणून सगळ्यात आधी पाहायचं ते हे, की आपल्या लेआउटमधला रस्ता रीतसर हस्तांतरित झाला आहे का?

उपविधींनुसार दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के. दरमहा थोडं भरताना जड वाटतं खरं, पण एकदम बोजा एकट्यादुकट्यावर पडू नये म्हणूनच तो आहे. पंचविसाव्या वर्षी रस्त्याचे कागद आणि हा निधी, दोन्ही एकदा तपासून घेऊ या.