ग्रीकांचा ईश्वर आणि जगाची उत्पत्ती

'हे जग देवाने निर्माण केलं' असं आपण सहज म्हणतो. ग्रीक तत्त्वज्ञ यावर लगेच विचारतील, 'कशापासून?' आज आपल्याला हा प्रश्न समजून घ्यायचा आहे.

हेसिअडच्या 'थिऑगनी' या काव्यात आधी केऑस, म्हणजे आ वासलेली पोकळी, उत्पन्न होते. मग पृथ्वी, आणि देव त्यानंतर. म्हणजे देवसुद्धा जगाच्या पोटी जन्मलेले! इ. स. पू. ६व्या शतकात मायलेटसच्या थेलीसने पाणी हे मूलद्रव्य मानलं आणि कथेची जागा कारणमीमांसेने घेतली. बैलांना हात असते तर त्यांनी बैलासारखेच देव चितारले असते, असं झेनोफनीस म्हणाला. पुढे पार्मेनिडीसने बजावलं, की जे नाही त्यातून काहीच उद्भवत नाही. ही अट नंतरच्या बहुतेक ग्रीक तत्त्वज्ञांनी पाळली.

ॲनॅक्सॅगोरसने 'नूस', म्हणजे बुद्धितत्त्व, मांडलं. मूळच्या मिश्रणाला गती दिली ती बुद्धीने. सूर्य हा तापलेला दगड आहे असं म्हटल्याबद्दल अथेन्समध्ये त्याच्यावर पाखंडाचा आरोप आला. प्लेटोच्या 'फीडो'मधला सॉक्रेटिस मात्र वेगळीच तक्रार करतो: नाव बुद्धीचं घेतलं, पण स्पष्टीकरणं हवा-पाण्याचीच दिली, जग असंच असणं चांगलं का, हे सांगितलंच नाही.

ती उणीव प्लेटो 'टिमियस'मध्ये भरून काढतो. त्याचा ईश्वर कारागीर आहे. तो चांगला आहे, त्याला मत्सर नाही; शाश्वत आकारांकडे पाहून तो जग घडवतो. पण कुंभाराला माती आयती मिळते, तसं द्रव्य आधीपासूनच आहे, आणि ते अव्यवस्थित आहे. बुद्धीला त्याची समजूत घालावी लागते. म्हणून जग शक्य तितकं चांगलं होतं, पूर्ण निर्दोष होत नाही.

ॲरिस्टॉटल तर म्हणतो, जगाला आरंभच नाही. त्याचा ईश्वर स्वतः अचल राहून विश्वाला गती देतो, जसं प्रिय व्यक्तीच्या ओढीने माणूस हलतो तसं. तो स्वतःच्याच चिंतनात मग्न असतो. अशा ईश्वराला नवस कसा बोलणार?

पुढे ख्रिस्ती विचारवंतांनी शून्यातून निर्मिती मानली. ईश्वर सर्वशक्तिमान झाला, पण मग जगातल्या दुःखाचा दोष मातीवर ढकलता येईना. प्लेटोचा ईश्वर चांगला, पण मर्यादित. ॲरिस्टॉटलचा परिपूर्ण, पण अलिप्त. 'जग देवाने निर्माण केलं' म्हणताना यांतला कोणता देव आपल्या मनात असतो, याचा विचार आपणच करायला हवा.