शाळेची वर्दी

जूनचा मध्य आला, शाळा उघडल्या, की पुण्याच्या गल्ल्यांमध्ये एक शब्द पुन्हा कानावर पडू लागतो. वर्दी. ‘यंदा वर्दी कोणाला दिलीत?’ ‘आमच्या वर्दीवाल्या काकांनी पैसे वाढवले हो!’ महिन्याच्या ठरलेल्या पैशांत मुलांना घरून शाळेत न्यायचं आणि शाळेतून घरी आणायचं, ही झाली वर्दी. आमच्या घरी दखनी बोलतात. तिथे वर्दी म्हणजे अंगावरचा गणवेश, शिपायाचा किंवा पोलिसाचा. आणि मराठीत वर्दी देणं म्हणजे खबर देणं. एका शब्दाचे हे तीन अर्थ. कवितेच्या नादामुळे शब्द असे उलटेपालटे करून बघायची मला खोडच आहे. पण या शब्दापाशी मी थांबलो त्याला कारण घरचं आहे. ते पुढे सांगतो. आधी थोडं मागे जाऊ.

पुण्यात शाळेच्या वाटेचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात १८४८ पासून करावी लागते. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तो वाडा आता उभा नाही. राष्ट्रीय स्मारक बांधण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरवण्यात आला. या शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण आणि चिखल टाकत, म्हणून त्या सोबत एक जादा लुगडं ठेवत, ही हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपण ती धैर्याची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचीही गोष्ट आहे. अंतर फार नव्हतं, रस्त्यावर मोटारी नव्हत्या. भीती वाहनांची नव्हती, माणसांची होती. जिथे बाईंची ही गत, तिथे शिकायला येणाऱ्या मुलींचं काय होत असेल?

१० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं. आजारपणामुळे त्या माहेरी गेल्या होत्या. त्या पत्रात फातिमाचं नाव येतं. आपल्या माघारी तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकूर करणार नाही, असा त्यांचा विश्वास आहे. त्या दोन ओळींनी मला नेहमी धीर दिला आहे. शाळा चालवायला शिकवणं लागतं, तशी सोबतही लागते.

पुढे १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी आपला आश्रम गावाबाहेर हिंगण्याला नेला. ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि ही वाट पायी तुडवत. पुण्याचं स्त्रीशिक्षण पायांवर उभं राहिलं असं म्हटलं, तर ते अक्षरशः खरं आहे.

याच विवंचनेतून तिकडे लंडनमध्ये शाळेची पहिली बस निघाली होती. साल १८२७. न्यूइंग्टन इथे क्वेकर पंथाच्या लोकांची मुलींची शाळा होती. जॉर्ज शिलिबीर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने त्या शाळेसाठी घोड्यांची एक लांब गाडी तयार केली. पंचवीस मुली बसतील एवढी. जगातली पहिली स्कूलबस म्हणून तिची नोंद होते. म्हणजे पहिली स्कूलबस धावली ती मुलींसाठी! दोन वर्षांनी त्याच शिलिबीरने लंडनच्या रस्त्यावर सर्वांसाठी गाडी सुरू केली आणि तिला ‘ओम्निबस’ म्हटलं. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘सर्वांसाठी’. त्याचं शेपूट तेवढं आपल्याकडे आलं: बस. शिलिबीरचं मात्र पुढे दिवाळं निघालं. सर्वांसाठी गाडी चालवणं तेव्हाही परवडत नव्हतं.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७५-७६ च्या सुमारास, आमच्या गल्लीत शाळेची गाडी म्हणजे टांगा. माझी आपा त्यातून लष्करातल्या शाळेत जायची. टांग्याला मागे पडदा, आत सहा-सात मुली. टांगेवाल्या चाचांना प्रत्येकीचं घर, घरातली माणसं, कोणाला ताप आला आहे, कोणाची परीक्षा आहे, सगळं ठाऊक. दुपारी गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला की ते अम्मीला हाक मारत, ‘लो अम्मा, तुमारी अमानत.’ अमानत म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव. अम्मी दारात आल्याशिवाय ते आपाला खाली उतरू देत नसत. मुलं मात्र पायी नाहीतर सायकलवर. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. जरा लांबची शाळा असली, तर पीएमटीचा पास. चाळीसच्या दशकात गावात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीच्या बस धावत. महापालिका झाल्यावर १९५० मध्ये पीएमटी आली.

मग शहर वाढलं. १९९७ मध्ये, पुन्हा २०१७ मध्ये आणि २०२१ मध्ये आजूबाजूची गावं पालिकेच्या हद्दीत आली. घरं एकीकडे गेली, नावाजलेल्या शाळा दुसरीकडे राहिल्या. पेठेतलं मूल पेठेतल्या शाळेत, हा हिशेब मोडला. टांगे गेले, रस्ता सायकलींच्या हातून निसटला. मोकळ्या जागेत आली रिक्षा, आणि १९८४ मध्ये बाजारात उतरलेली मारुतीची व्हॅन. या व्हॅनला पुढे ‘ओम्नी’ हे नाव मिळालं. शब्द पाहा, ओम्निबसचाच. तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण वीस-पंचवीस वर्षं पुण्यातली निम्मी वर्दी तिने ओढली, असं म्हणावंसं वाटतं. ‘सर्वांसाठी’ या नावाला ती जागली, जरा जास्तच! मावतील तेवढी मुलं आत.

आता घरची गोष्ट. २००६ साल. माझी मुलगी दुसरीत होती. रिक्षात अकरा मुलं असत. मागच्या सीटसमोर फळी टाकलेली, दप्तरं बाहेर हुकांना लटकवलेली. ती काकांच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसायची. एका वळणावर खड्डा चुकवताना रिक्षा झुकली आणि ती बाहेर पडली. हात मोडला. मागून बस किंवा ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब. काकांनीच तिला उचलून दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा ते बाहेर भिंतीला टेकून बसले होते. मी संतापून बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, ‘भाई, चूक माझीच. पण पाच पोरं घेऊन माझं घर चालत नाही. अकरा घेतो म्हणून तुम्हाला एवढ्यात पडतं. जूनमध्ये पन्नास रुपयांसाठी तुम्हीच अडून बसला होता ना?’

मला उत्तर सुचलं नाही. अकरा मुलं बसतात हे मी रोज सकाळी पाहत होतो. ते पन्नास रुपये मी वाचवले होते, आणि कुठून वाचवले हे मला त्या दिवशी कळलं.

तोवर नियम नव्हते असं नाही. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून मुलांनी खचाखच भरलेली शाळेची बस यमुनेत कोसळली. अठ्ठावीस मुलं गेली. महिन्याभरात, १६ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी निर्देश दिले. बसवर पुढे-मागे ‘स्कूलबस’ लिहिलेलं हवं, खिडक्यांना आडवे गज हवेत, दाराला पक्की कडी, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवण्याचं नळकांडं, सोबत जबाबदार मदतनीस आणि चालकाला जड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव. वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये, म्हणून वेगनियंत्रक. यादी वाचताना वाटतं, यातलं अवघड काय होतं? तरी ती लिहायला अठ्ठावीस मुलं जावी लागली.

अमेरिकेत हेच काम एका शिक्षकाने अपघाताची वाट न पाहता केलं होतं. फ्रँक सायर हे कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयात शिकवत. देशभर फिरून त्यांनी पाहिलं, की मुलं ट्रकमधून, कुठे कुठे चक्क धान्याच्या घोडागाडीतून शाळेत जातात. एप्रिल १९३९ मध्ये त्यांनी राज्यांचे अधिकारी आणि बस बांधणारे कारखानदार यांना सात दिवस एकत्र बसवलं. तिथे बसची मापं ठरली आणि रंग ठरला, पिवळा. पहाटेच्या अंधुक उजेडात तो चटकन दिसतो आणि त्यावरची काळी अक्षरं नीट वाचता येतात. पण त्या बैठकीत आणखी एक गोष्ट साधली, तिकडे आपलं लक्ष जात नाही. प्रत्येक शाळेची बस वेगळ्या मापाची असली, तर ती महाग पडते. सगळ्यांचं माप एक झालं, की कारखान्याला ती स्वस्तात बांधता येते. सुरक्षितता आणि काटकसर एकाच टेबलावर बसली.

आपल्याकडे तसं टेबल मांडलं ते २०११ च्या नियमावलीने. महाराष्ट्राने त्या वर्षी स्कूलबससाठी स्वतंत्र नियम केले. पिवळा रंग आला, मुली असलेल्या बसमध्ये महिला मदतनीस आली, शाळा आणि वाहतूकदार यांच्यात लेखी करार आला. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती शाळेची परिवहन समिती. मुख्याध्यापक अध्यक्ष. सोबत पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओ आणि शिक्षण खात्याची माणसं, बसवाल्यांचाही प्रतिनिधी. मुलांची सुरक्षितता, बसचं भाडं आणि थांबे, तिन्ही गोष्टी या एकाच समितीने पाहायच्या. कागदावर हे फार शहाणपणाचं आहे. पण आपल्या शाळेच्या समितीत पालकांच्या वतीने कोण बसतं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

भाड्याचा हिशेब तसा सोपा आहे. उदाहरणापुरते आकडे धरू. चाळीस आसनांच्या बसचा हप्ता, विमा, कर, इंधन, दुरुस्ती, चालकाचा आणि मदतनीस बाईंचा पगार मिळून महिन्याला ८० हजार रुपये होतात असं समजा. बस भरली तर मुलामागे दोन हजार. निम्मी भरली तर चार हजार, कारण रिकाम्या सीटचाही पगार आणि विमा द्यावाच लागतो. आता तीच बस सकाळच्या आणि दुपारच्या, अशा दोन्ही वेळच्या शाळांसाठी फिरवली आणि २० हजार जादा लागले, तर ऐंशी मुलांत एक लाख. मुलामागे साडेबाराशे. एका सीटवर दोन मुलं कोंबली नाहीत, वेग वाढवला नाही, तरी खर्च उतरला. प्रत्येकाच्या दाराशी न थांबता चार सोसायट्यांना मिळून एक थांबा ठरवला, तर इंधन वाचतं, मुलांची झोपही. आणि घराजवळची शाळा निवडली, तर बसच लागत नाही. स्वस्ताई करायच्या जागा या. फळी टाकणं ही नव्हे.

उरलेला भार मग कोणी उचलायचा? २०१७ मध्ये पीएमपीने शाळांना दिलेल्या बसचे दर एकदम दुपटीहून जास्त वाढवायचं ठरवलं, तेव्हा पुण्यात मोठी ओरड झाली. बसचा खरा खर्च आणि शाळांना लागणारा दर यांच्यात केवढी दरी होती, ते त्या निमित्ताने दिसलं. ती दरी पालकांनी भरायची, शाळेने की शहराने, हा प्रश्न तेव्हाही भाड्याच्या भांडणात बुडून गेला. दुसरीकडे मानव विकास कार्यक्रमात २०११-१२ पासून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत एसटीच्या निळ्या बस धावू लागल्या. गावापासून शाळेपर्यंत, मुलींना मोफत. तिथे भार सरकारने उचलला, कारण बस नसेल तर मुलगी घरी बसणार हे सरकारला पटलं होतं. भिडेवाड्याच्या वाटेचा हा पुढचा टप्पा आहे, असं मला वाटतं.

माझ्या मुलीचा हात नीट जुळला. पावसाळ्यात कधी दुखतो, तेव्हा ती हसून म्हणते, ‘अब्बा, तुमचे पन्नास रुपये दुखतायत.’ ते रिक्षाकाका आता नाहीत. त्यांच्यावरचा राग केव्हाच गेला. स्वतःवरचा थोडा शिल्लक आहे.

आपाची नात आज पिवळ्या बसने शाळेत जाते. बसमध्ये मदतनीस बाई असतात. सकाळी बस शाळेत पोचली, की त्यांचा फोनवर निरोप येतो, ‘पोचलो.’ तोवर आपा चहाला हात लावत नाही. गणवेश, खबर आणि फेरी असे वर्दीचे तीन अर्थ मी सुरुवातीला सांगितले. नेणाऱ्याच्या अंगावर जबाबदारीचा गणवेश हवा, पोचल्याची खबर हवी, आणि मग फेरीचे पैसे. आपण जूनमध्ये तिसऱ्या अर्थापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. आपाला मात्र यातला एकही अर्थ लागत नाही. निरोप आला की ती फोन खाली ठेवते आणि चाचांचाच शब्द पुटपुटते, ‘अमानत पोचली.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)