तेलाचा डबा आणि दादासाहेबांचा सत्याग्रह

मागच्या महिन्यात कामथडीत महिलांच्या एका बैठकीला बसलो होतो. विषय बचत गटाच्या हप्त्यांचा होता, पण बोलणे फिरून फिरून किराण्यावर येत होते. तेल, डाळ, चहापत्ती, साबण, वर गॅसची टाकी. एक मावशी म्हणाल्या, "दादा, तुम्ही बाबासाहेबांचं एवढं वाचता. त्यांनी तेलाच्या डब्याबद्दल काही लिहून ठेवलंय का?" सगळ्या हसल्या. मागे उभा असलेला आपला एक तरुण कार्यकर्ता मात्र गंभीरपणे म्हणाला, "महागाई सगळ्यांनाच आहे, मावशी. आपला प्रश्न आरक्षणाचा आणि अत्याचाराचा."

मावशींचा प्रश्न गमतीचा होता, पण बरोबर होता. त्या तरुणाचे उत्तर गंभीर होते, पण चुकीचे होते. ते का चुकीचे, हे आपल्याच चळवळीच्या इतिहासातून सांगतो.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात धान्याचा भाव घरात विचारलाच जात नव्हता, कारण धान्य विकत आणायचे नव्हते. महाराने गावकी करायची, सांगावे पोहोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुते मागायचे. किती द्यायचे ते देणारा ठरवणार. वर्षभराच्या राबण्याचा हिशेब दुसऱ्याच्या मर्जीवर. त्या धान्याला भाव नव्हता, पण किंमत होती, आणि ती आपल्या माणसांनी मान खाली घालून मोजली.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याची तरतूद त्यात होती. राबणाऱ्याच्या हातात धान्याची भीक न पडता हक्काचा पैसा पडावा, हा त्यामागचा विचार. ते विधेयक मंजूर होऊ शकले नाही. झाले असते तरी आपला भोर भाग तेव्हा पंतसचिवांच्या संस्थानात होता, तिथे मुंबईचा कायदा पोहोचला नसता. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. पण कायद्याच्या आधीच, विशेषतः १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, गावोगावच्या आपल्या लोकांनी गावकी सोडली होती.

गावकी सोडली म्हणजे बलुते सुटले. बलुते सुटले म्हणजे ज्वारी दुकानातून आणायची वेळ आली. ज्या दिवशी आपण खळ्यावर हात पसरायचे बंद केले, त्याच दिवशी बाजारभाव आपला प्रश्न झाला. किराण्याचे बिल आपल्या घरात स्वाभिमानाबरोबर आले आहे, हे विसरू नका.

गावातल्या वरच्यांना हे नीट कळत होते. म्हणून बहिष्काराचे पहिले हत्यार दुकान हेच असायचे. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांचे काम बंद करतात, वाटा अडवतात आणि कधी कधी गावच्या वाण्याला त्यांना माल विकू नको असे बजावतात, हे त्या समितीने १९३० च्या अहवालात नोंदवून ठेवले आहे. मीठ-मिरची बंद केली की माणूस वाकतो, हे त्यांना ठाऊक होते. आज वाणी माल नाकारत नाही. पण जे परवडतच नाही, ते न विकल्यासारखेच असते.

आता मावशींच्या प्रश्नाचे उत्तर. होय, लिहून ठेवले आहे. १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या 'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच मुद्दा धरला. रुपयाच्या बदल्यात सोने किंवा पौंड किती मिळतात, याचा घोळ सरकार घालत होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की सामान्य माणसाला त्या रुपयात बाजारात वस्तू किती मिळतात हे महत्त्वाचे. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी मजुरी करणाऱ्यांची बाजू मांडली. रुपयाची किंमत उतरली की भाव चढतात, पण मजुरी तितक्या वेगाने चढत नाही. मधला फायदा व्यापारी आणि कारखानदाराच्या खिशात जातो, आणि तो पैसा मजुराच्या ताटातून निघालेला असतो. शंभर वर्षांपूर्वीचे हे गणित आज कोणत्याही किराणा दुकानात उभे राहून तपासता येते.

आणि चळवळ? १९७२ च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तो मोर्चा सगळ्यांना आठवतो आणि आठवावाच. पण त्याच्या आठ वर्षे आधी आपल्या माणसांनी याच प्रश्नावर तुरुंग भरले होते, हे आपल्याच तरुणांना सांगावे लागते.

१९६४ साली देशात अन्नधान्याची टंचाई होती, भाव भडकले होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे दहा मागण्या ठेवल्या. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, कसेल त्याला जमीन, पडीक जमिनी भूमिहीनांना, बौद्धांना सवलती, राखीव जागा भरणे या मागण्या आपल्याला माहीत असतात. त्याच यादीत धान्याचे पुरेसे वाटप आणि वाढत्या भावांवर नियंत्रण ही मागणी होती. किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी हीसुद्धा होती. ६ डिसेंबर १९६४ रोजी, महापरिनिर्वाणदिनी, सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेल्याची नोंद चळवळीच्या इतिहासात आहे. त्यात कडेवर लेकरे घेतलेल्या आयाबहिणी होत्या.

दादासाहेबांनी तैलचित्र आणि ज्वारीचा भाव एकाच कागदावर लिहिला. स्वाभिमान एका खणात आणि पोट दुसऱ्या खणात, अशी वाटणी त्यांनी केली नाही. ती वाटणी आपण नंतर केली. तैलचित्र १९९० मध्ये लागले. भावाची मागणी मात्र आपण यादीतून खोडून टाकली.

"महागाई सगळ्यांनाच आहे" हे अर्धसत्य आहे. २०२२-२३ च्या केंद्र सरकारच्या उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला सुमारे ४६ टक्के वाटा खाण्यावर जातो. हा वाटा गरिबाच्या घरात जास्त आणि श्रीमंताच्या घरात कमी, हे कोणत्याही पाहणीत दिसते. भोर भाताचा तालुका. पण ज्याच्या नावावर खाचर नाही, तो भातही विकतच आणतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्यावरचे आयात शुल्क वाढवले. सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा, असे कारण दिले. तेल महागले, आणि त्या हंगामात बाजारात सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकले गेले. शेतकरीही नागवला आणि भूमिहीनही.

रेशन आहे ना, असे कोणी म्हणेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला, ते जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. तो हक्क आहे, उपकार नाही. त्यावर 'फुकटे' म्हणून हिणवणाऱ्याला ठणकावून उत्तर द्या. पण त्यात तेल नाही, डाळ नाही. शिवाय लाभार्थ्यांची संख्या अजून २०११ च्या जनगणनेवर बांधलेली आहे. तेव्हापासून जन्मलेली, वेगळी झालेली घरे दारातच उभी आहेत.

मग करायचे काय? तीन गोष्टी आजपासून करता येतील. गावची रेशन दक्षता समिती कागदावर आहे की बसते, हे विचारा आणि आपल्या बायकांना तिच्यावर घ्यायला लावा. दुसरे, बचत गटाने केवळ कर्ज फिरवू नये. दहा-वीस घरांचा तेल-डाळीचा माल एकत्र, घाऊक भावाने आणावा. तिसरे सर्वांत महत्त्वाचे. खेड शिवापूर, शिरवळच्या कारखान्यांत आणि हायवेच्या हॉटेलांत आपली पोरे कंत्राटावर राबतात. किमान वेतनावर दर सहा महिन्यांनी महागाईनुसार विशेष भत्ता जाहीर होतो. तो आपल्या पगारात धरला आहे का, हे किती जणांनी पाहिले? किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये बाबासाहेब श्रमसदस्य असतानाच मांडले गेले होते. भाव रोखणे आपल्या एकट्याच्या हातात नाही, पण भावाबरोबर मजुरी वाढवून घेणे संघटनेच्या हातात आहे.

पुढच्या जयंतीला मिरवणूक जरूर काढा. पण त्याआधी वस्तीतल्या दहा घरांची किराण्याची बिले आणि दहा तरुणांच्या पगाराच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून हिशेब मांडा. आपल्या पुढच्या मागणीपत्राचा मसुदा तिथूनच निघेल.

जय भीम! नमो बुद्धाय!