कामगार स्त्रिया (भिलाई–दल्ली राजहरा)

छत्तीसगढमधील भिलाई पोलाद कारखाना, त्याच्या लोहखनिजाच्या खाणी आणि भोवतालच्या वस्त्या यांतील नोकरदार व कष्टकरी स्त्रिया. कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. खनिज दल्ली राजहरा (आता बालोद जिल्हा) येथून येई. तेथील हातखाणींत कंत्राटदाराकडे स्त्री-पुरुषांची जोडी कामाला असे. पुरुष घणाने दगड फोडी. स्त्री तो निवडून, टोपलीत भरून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेई. मजुरी मालाच्या मापावर मिळे. काम थांबले की चूलही थांबे.

संघर्ष : 1977 मध्ये कायम कामगारांना 308 रु. बोनस ठरला, कंत्राटी कामगारांना 70 रु. त्या असंतोषातून छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी 100 रु. आणि बिनकामाच्या दिवसांची मजुरी, या त्याच्या मागण्या होत्या. 2-3 जून 1977 च्या पोलीस गोळीबारांत 11 जण ठार झाले. त्यांत अनसूयाबाई ही कामगार स्त्री होती. आंदोलनाच्या इतिहासात संघाचे नेते शंकर गुहा नियोगी (1943–91) यांच्याविषयी विपुल लिहिले गेले. संघाची दारूबंदीची मोहीम स्त्रियांच्या बळावर उभी होती, याची नोंद मात्र त्रोटक आढळते. कामगारांच्या वर्गणीतून व श्रमातून 1983 मध्ये शहीद रुग्णालय सुरू झाले.

यांत्रिकीकरण : यंत्र आले की पहिली कुऱ्हाड स्त्रियांच्या कामावर पडते. निवडणे, वाहणे, भरणे ही त्यांची कामे यंत्राकडे जातात आणि यंत्र चालविण्याचे शिक्षण पुरुषांना मिळते. त्यात भर म्हणजे खाण अधिनियम, 1952 (कलम 46) नुसार स्त्रियांना भूमिगत काम आणि सायंकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेतील काम वर्ज्य होते. तीन पाळ्यांच्या खाणीत संरक्षणासाठी केलेली ही तरतूदच त्यांना नोकरी नाकारण्यास पुरेशी ठरे. समान वेतन अधिनियम, 1976 येथे तोकडा पडे. मुळात कामच नसेल, तर वेतन समान कशाचे? संघाने अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला होता.

संघटित क्षेत्र : कारखान्याच्या कायम नोकरवर्गात स्त्रिया अल्पसंख्य आहेत.

असंघटित क्षेत्र : भिलाईतील स्मृतिनगरसारख्या निवासी वस्त्यांत घरकाम, बांधकामावर रेजा (स्त्री मजूर) म्हणून मजुरी. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरकामगारांचाही समावेश असून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

जानेवारी 2019 मध्ये केंद्र सरकारने खाण अधिनियमाचे कलम 46 शिथिल केले. लेखी संमती घेऊन, किमान तिघींच्या गटाने, स्त्रियांना भूपृष्ठावरील खाणकामात रात्रपाळी करता येऊ लागली. 1977 च्या जोडीतील स्त्रीला ही सवलत चार दशके उशिरा मिळाली.