मागापासून मोटारीपर्यंत

कापूस आणि मोटार यांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारले, तर बहुतेक लोक विचारणाऱ्याकडे संशयाने पाहतील. परंतु दिवाळीनंतरच्या दिवसांत आमच्या कोरपन्याच्या रस्त्याने जाणाऱ्याला या दोन्ही वस्तू एकाच वेळी दिसतात. एका बाजूने कापसाने शीग भरलेल्या गाड्या जिनिंगकडे चाललेल्या असतात, दुसऱ्या बाजूने सिमेंटचे ट्रक धूळ उडवीत येतात, आणि त्या दोहोंच्या मधून एखादी पांढरी, आठ माणसांची जपानी नावाची मोटार वाट काढीत असते. तिच्यात कधी वऱ्हाड असते, कधी कारखान्याचा साहेब असतो, कधी चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यावयाचा रोगी असतो. कापूस आपला, मोटार परक्याची, असे पाहणाऱ्याला वाटते. खरी गोष्ट अशी की, त्या मोटारीचा जन्म कापसाच्या धाग्यातूनच झालेला आहे. तो इतिहास सांगावा आणि सांगता सांगता त्यातून आपल्याला काय घ्यावयाचे तेही पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचा मुलूख प्रथम सांगितला पाहिजे. वर्धा आणि पैनगंगा या नद्या एका अंगाला, माणिकगडचे डोंगर दुसऱ्या अंगाला, आणि मधे काळी जमीन. हा सारा भाग पूर्वी राजुरा तालुक्यात होता व राजुरा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 साली चांदा जिल्ह्यात आला. पुढे येथल्या चुनखडीने गडचांदूर, आवारपूर या गावांत सिमेंटचे कारखाने आणले. तथापि बहुसंख्य माणसांचे पोट आजही पऱ्हाटीवरच आहे. जिथे कापूस पिकतो तिथे धाग्याची किंमत कोणी सांगावी लागत नाही.

आता जपानकडे वळू. 1867 साली शिझुओका प्रांतातील एका खेड्यात, सुताराच्या घरी, साकिची तोयोदा याचा जन्म झाला. आई आणि शेजारपाजारच्या बायका हातमागावर दिवस दिवस राबताना त्याने पाहिल्या आणि हे कष्ट हलके करण्याचा ध्यास घेतला, असे सांगतात. 1890 साली त्याने सुधारलेला लाकडी हातमाग केला. नंतर वाफेवर चालणारा यंत्रमाग केला. आणि 1924 साली त्याचा स्वयंचलित माग पुरा झाला. त्याची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. धोट्यातले सूत संपले की माग न थांबता धोटा आपोआप बदले. याच्या उलट, ताण्याचा एखादा धागा तुटला की माग आपण होऊन थांबे. पहिल्या गुणाचे कौतुक कोणीही करील; दुसऱ्या गुणाचे महत्त्व विणकरालाच कळते. धागा तुटूनही माग चालत राहिला, तर तो कापड विणत नाही, खोट विणतो. आणि जितका वेगाने चालेल तितकी खोट वाढवितो. यंत्राला चालावयास शिकविणारे पुष्कळ झाले. साकिचीने यंत्राला थांबावयास शिकविले. मागाजवळ डोळ्यांत तेल घालून उभे राहण्याची गरज उरली नाही, आणि एक बाई तीसहून अधिक माग सांभाळू लागली.

या मागांवर चढणाऱ्या सुतात हिंदुस्थानच्या कापसाचा वाटा मोठा होता. 1893 साली निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई ते जपान अशी आगबोटींची वाहतूक सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठीच. पुढे त्याच कापसाचे कापड होऊन ते मुंबईच्या बाजारात इतके स्वस्त विकू लागले की आपले गिरणीमालक हवालदिल झाले. 1933 साली सरकारने परक्या कापडावरील जकात चढविली. जपानी गिरण्यांनी उत्तरादाखल आपला कापूस घेणेच बंद केले. शेवटी 1934 च्या करारात, तुम्ही इतका कापूस घ्या, आम्ही इतके कापड येऊ देऊ, असा सौदा ठरला. मुंबई आणि ओसाका यांच्या भांडणात शेतकरी दोन दगडांमध्ये सापडला होता, हे सांगावयास नकोच.

साकिचीने आपल्या मागाचे हक्क 1929 साली इंग्लंडातील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सला एक लाख पौंडांस विकले. ज्या देशाने जगाला यंत्रमाग दिला त्याने एका सुताराच्या मुलाकडून माग विकत घ्यावा, ही घटना लहान नव्हे. मंदीमुळे ही रक्कम पुढे कमी करण्यात आली. परंतु तेवढ्यात साकिचीचा मुलगा कीइचिरो याच्या डोक्यात मोटारीने घर केले होते. 1930 साली वडील वारले. 1933 साली कीइचिरोने मागाच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात मोटारविभाग उघडला. 1935 साली त्याचा पहिला मालट्रक निघाला, 1936 साली मोटारगाडी निघाली, आणि 1937 च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तत्पूर्वी ‘तोयोदा’चे ‘टोयोटा’ झाले होते, कारण जपानी लिपीत हे नाव आठ फटकाऱ्यांत लिहिता येते आणि आठ हा अंक तिकडे शुभ मानतात. सुताराच्या यंत्रावरही शेवटी शकुन पाहिला गेला!

ते पहिले ट्रक मात्र वारंवार मोडत. रस्त्यात ट्रक बंद पडला की कारखान्याची माणसे धावत जात, दुरुस्त करीत आणि काय मोडले ते लिहून आणीत. आज ज्या नावाला लोक टिकाऊपणाचा पर्याय समजतात, त्याची सुरुवात अशी रस्त्याच्या कडेला झाली. महायुद्धानंतर 1950 साली तर कंपनी बुडण्याच्या बेतात होती. दीड हजारांहून अधिक कामगारांना घरी जावे लागले, संप झाला, आणि कीइचिरोने जबाबदारी पत्करून राजीनामा दिला. लगेच कोरियाचे युद्ध पेटले व अमेरिकन सैन्याच्या ट्रकांच्या मागणीने कंपनी तरली. एकाचे मरण ते दुसऱ्याचे तोरण, हा जगाचा जुना न्याय आहे. 1952 साली कीइचिरो वारला; आपल्या गाड्या जगभर धावताना त्याने पाहिल्या नाहीत. पुढच्या पिढीत ताइची ओनो या यंत्रज्ञाने मागाचे ते जुने तत्त्व मोटारीच्या कारखान्यात आणले. कामाच्या रांगेत कोणालाही खोट दिसली तर त्याने दोरी ओढावी, आणि दोष निस्तरेपर्यंत सारी रांग थांबावी. तुटलेल्या धाग्याने जे करावयाचे ते आता माणसाच्या हातात आले.

इकडे महाराष्ट्रात याच काळात असाच एक संसार उभा राहत होता. साकिचीहून दोन वर्षांनी लहान असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, मग कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि 1903 साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे तो नांगर प्रथम कोणी घेईना. 1910 साली औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. वाचकांना या घराण्याचे आणखी एक ऋण आठवेल. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिके याच कारखान्याच्या अंगणात वाढली. एकाने विणणाऱ्या बाईच्या हातासाठी माग केला, दुसऱ्याने नांगरणाऱ्या कुणब्याच्या हातासाठी नांगर केला. शंभर वर्षांनी या दोन घराण्यांची गाठ पडली, आणि तीही प्रथम मोटारीत नव्हे, सुतातच. 1995 साली किर्लोस्कर व तोयोदा यांनी मिळून कर्नाटकात सूतगिरण्यांची यंत्रे करण्याची कंपनी काढली. त्यानंतर 1997 साली टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली आणि बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना आला. तो उभारण्यात पुढाकार लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांचा होता. 2022 साली त्यांचे निधन झाले.

जानेवारी 2000 मध्ये क्वालिस ही या कारखान्याची पहिली गाडी बाजारात आली. मूळची ती इंडोनेशियातली. तिथे तिचे नाव किजांग, म्हणजे हरिण. तिचे रूप पाहून जाणकारांनी नाके मुरडली. पेटीला चाके लावली आहेत, असेही म्हटले गेले. परंतु भाड्याने गाडी चालविणाऱ्याला रूप काय करावयाचे? त्याला माणसे मावली पाहिजेत, डिझेल पुरले पाहिजे, आणि सकाळी किल्ली फिरविताच इंजिन बोलले पाहिजे. विक्री चांगली चालली असतानाच 2005 साली कंपनीने क्वालिस बंद केली आणि इनोव्हा आणली. 2016 साली क्रिस्टा नावाने तिचा नवा अवतार आला.

आमच्या भागात या गाड्या पोचण्यापूर्वी काळी-पिवळी जीप हेच गरिबाचे वाहन होते. टपावर पोती, मागे लोंबकळणारी माणसे, आणि चालकाच्या उजव्या हातालाही एक प्रवासी! अशा मुलखात आठ जण बसून जातील अशी गाडी आली, तेव्हा तिचे अप्रूप वाटले यात नवल नाही. गडचांदूर-कोरपना रस्त्यावरच्या ज्या मोटारवाल्यांशी मी बोललो, त्यांच्या बोलण्यात गाडीच्या वेगाची स्तुती फारशी आली नाही. सिमेंट आणि कोळसा यांच्या धुळीत हवेची जाळी किती दिवसांनी झटकावी, पावसाळ्यातल्या खड्ड्यांत पुढची चाके कशी जपावी, जुनी झालेली गाडी विकताना किती पैसे परत येतात, याच गोष्टी ते बोलतात. एक भाडे बुडाले तर एक दिवस बुडतो. परंतु बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस घेऊन निघालेली गाडी वाटेत थांबली, तर त्या गावचा विश्वास कायमचा जातो. येथून नागपूर सुमारे 200 किलोमीटर. मोठ्या दुखण्याला तिथेच जावे लागते. शहरातल्या माणसाला मोटारीचा टिकाऊपणा ही सोय वाटते, आमच्याकडे तो वचनासारखा असतो.

म्हणूनच या इतिहासातले पुढचे पान मला अधिक महत्त्वाचे वाटते. 2009-10 साली, वेग देण्याचा पायटा अडकतो अशा तक्रारींवरून टोयोटाला जगभरातून लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कीइचिरोचा नातू आकिओ तोयोदा अमेरिकन काँग्रेसपुढे उभा राहिला आणि आपली वाढ फार वेगाने झाली, अशी कबुली त्याने दिली. त्याहूनही मनाला लागणारी घटना जानेवारी 2024 मधली. साकिचीने स्थापिलेला मागाचा कारखाना आज टोयोटा इंडस्ट्रीज या नावाने डिझेल इंजिने करतो. त्या इंजिनांच्या शक्तीच्या चाचणीत, विक्रीच्या गाडीत नसलेली वेगळी आज्ञावली वापरून आकडे गुळगुळीत केले गेले, असे उघड झाले. त्या इंजिनांपैकी एक इनोव्हा क्रिस्टामध्ये बसते. भारतातही या गाड्यांची रवानगी काही दिवस थांबली व फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली. गाड्या वापरण्यास धोका नाही, असे कंपनीने सांगितले, आणि आमच्या मोटारवाल्यांच्या रोजच्या धंद्यात फरक पडला नाही. परंतु मला प्रश्न पडतो तो इंजिनाचा नव्हे. ज्या घरात तुटलेला धागा दिसताच माग थांबत असे, त्याच घरात धागा तुटलेला असताना कापड पुढे सरकले कसे?

उत्तर यंत्रात सापडणार नाही, ते माणसांत शोधले पाहिजे. दोरी टांगणे सोपे असते. ती ओढणाऱ्याला कोणी दरडावणार नाही, ही हमी देणे कठीण. बिडदीच्या कारखान्यातही 2020 च्या नोव्हेंबरात टाळेबंदी झाली आणि तो तंटा काही महिने चालला. कामाचा बोजा असह्य झाला, असे कामगारांचे म्हणणे. शिस्त मोडली, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. त्या वादाचा निवाडा करणे माझे काम नव्हे. एवढे मात्र दिसते की, वेगाची हाव सुटली म्हणजे थांबण्याचा अधिकार प्रथम कागदावर राहतो आणि मग कागदावरूनही जातो.

31 जुलै 2024 रोजी याच कंपनीने महाराष्ट्र शासनाशी करार केला. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीन येथे सुमारे 20,000 कोटी रुपयांचा कारखाना उभा करण्याचे त्यात ठरले. किर्लोस्करांचे नाव मोटारीवर बसून का होईना महाराष्ट्रात परत येते, याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु आमच्या बाजूने पाहता हिशेब निराळा दिसतो. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे. वीस लाखांची गाडी धरली, तर तिची किंमत सुमारे 250 क्विंटल कापूस होते. कोरडवाहू एकराला पाच क्विंटल उतारा धरला, तर पन्नास एकरांचे सारे वर्ष. ज्याच्या धाग्यापासून ही कथा सुरू झाली, तो कुणबी त्या गाडीत बसतो तो भाड्याने, आणि बहुधा दुखणेकरी म्हणून.

साकिचीजवळ भांडवल नव्हते, लक्ष्मणरावांजवळही नव्हते. समोर राबणाऱ्या माणसाचे कष्ट पाहण्याची नजर होती, आणि चुकले तेथे थांबून पुन्हा करण्याचा धीर होता. बिडकीनला यंत्रे येतील, तंत्रही येईल. त्यांच्याबरोबर हा धीर आला, तर त्याचा उपयोग मोटारींपुरता राहणार नाही. कापूस पिकविणाऱ्याच्या संसारातला धागा किती वेळा तुटला, हे विदर्भाला नव्याने सांगावयास नको. तो तुटल्याचे पाहून अजून कोणाचा माग थांबलेला नाही.